घंटा दोन मिनिटं आधी देणाऱ्या शिपाईमामांना

मामा, साष्टांग नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात, पत्ता शाळेत कुणाकडेच नाही. म्हणून हे उघड पत्र. कुणीतरी ओळखीचं तुम्हाला वाचून दाखवेल.

मी 'ततपप'. वर्गाने ठेवलेलं नाव. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा अडायचो. मधल्या सुट्टीत चौघं मला पाण्याच्या टाकीमागे न्यायचे, 'पोपट म्हण' म्हणायचे आणि 'पो'वर अडकलो की डब्यात माती. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "लक्ष देऊ नकोस, कंटाळतील." सहावी गेली, सातवी निम्मी गेली. कंटाळले नाहीत.

एकदा मला नळाखाली डबा धुताना तुम्ही पाहिलंत. कोण, का, काही नाही. "कधीपासनं चाललंय?" एवढंच. तंबाखू मळत होतात. ती मळून झाली, माझं वाक्य काही संपेना. तुम्ही ती तोंडात न टाकता परत मळायला घेतलीत. घराबाहेर माझं वाक्य शेवटपर्यंत कुणी ऐकलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

त्यानंतर ती चौकडी टाकीकडे वळली की रुळाच्या तुकड्यावर तुमचा टोला पडायचा. सुट्टी खलास. एकदा हेडसर ओरडले, तर तुम्ही म्हणालात, "घड्याळ पुढं पळतंय, साहेब." घड्याळ बरोबर होतं. तुम्हालाही माहीत होतं, मलाही.

आता मी ४४ चा आहे. तेव्हा तग धरायला जे जे शिकलो, तेच पुढे नडलं. अडणारा शब्द टाळायचा, स्वतःवर आधी आपणच हसायचं, कोपरा धरायचा. हॉटेलात पोहे हवे असतात, मी इडली मागवतो. ऑफिसात मागे दोघं हसले की मान आखडते. रात्री दोनला जाग, मग झोप नाही. बायकोने शेवटी समुपदेशकांकडे नेलं.

त्यांनी ब्रिटनमधला एक अभ्यास सांगितला. १९५८ मध्ये एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा. ७ आणि ११ व्या वर्षी ज्यांचा असा छळ झाला होता, त्यांच्यात पंचेचाळिशीतही नैराश्य आणि चिंता जास्त आढळली. ऐकून वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं! इतकी वर्षं मी स्वतःलाच नाजूक समजत होतो.

मग त्यांनी विचारलं, "तेव्हा तुमच्या बाजूचं कुणी होतं?" 'शिपाईमामा' म्हणायला मला चांगलाच वेळ लागला. त्याही थांबल्या. तंबाखू तेवढी नव्हती.

गेल्या रविवारी वेटर पुढच्या टेबलाकडे निघालेला असताना त्याला हाताने थांबवलं आणि पोहे मागितले. तीन वेळा अडलो. आले ते गारढोण. सगळे खाल्ले.

तुमचा,
सातवी 'ब', हजेरी क्रमांक २७