गॅमा किरण स्फोटांवरची नजर हटू देऊ नका

मा. अंतराळ विभागाचे मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारे अतिऊर्जावान किरणांचे झोत, टिपणाऱ्या नव्या उपग्रहाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘आधीचे चालतायत ना?’ चालतायत. पण स्विफ्ट 2004 साली दोन वर्षांच्या कामासाठी सोडला होता. फर्मी 2008चा, अ‍ॅस्ट्रोसॅट 2015चा. दोघांचाही ठरलेला पाच वर्षांचा कार्यकाळ केव्हाच उलटला. इंटिग्रलची निरीक्षणं तर फेब्रुवारी 2025मध्ये थांबली. 2024मध्ये चीन आणि फ्रान्सनं मिळून स्वॉम सोडला, त्याचा मनापासून आनंद आहे. तेवढ्यानं भागणार मात्र नाही.

वातावरण गॅमा किरण अडवतं, म्हणून हे काम कक्षेतूनच करावं लागतं. स्फोट कधी सेकंदभराचाही नसतो, कधी काही मिनिटं चालतो, आणि तोच स्फोट पुन्हा होत नाही. त्यात खालच्या कक्षेतल्या उपग्रहासमोरचं जवळजवळ एक तृतीयांश आकाश पृथ्वीच झाकून टाकते.

17 ऑगस्ट 2017चंच पाहा. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मृत ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, इथं पोचल्या आणि 1.7 सेकंदांनी फर्मीवर जेमतेम दोन सेकंदांची क्षीण चमक उमटली. इतक्या लांबच्या प्रवासानंतर अंतर पडलं ते एवढंच! गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्याच वेगानं धावतात याचा इतका नेमका पुरावा त्याआधी कुणाच्या हाती नव्हता. त्या क्षणी स्विफ्ट आणि अ‍ॅस्ट्रोसॅट, दोघांच्याही दृष्टीनं ती जागा पृथ्वीच्या आड होती. फर्मीलाही पृथ्वी आड आली असती तर? ती चमक इंटिग्रलच्याही नोंदीत सापडली, पण तो आता नाही.

म्हणून माझी आग्रहाची मागणी आहे की एकाच वेळी दोन उपग्रहांना मंजुरी द्या, पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना राहतील असे. मंजुरीपासून उड्डाणापर्यंत वर्षं जातात. जुने बंद पडल्यावर फाइल हलली तर मधल्या काळातले स्फोट कायमचे हातचे गेले. आणि स्फोटाची सूचना, दिशेसकट, काही सेकंदांत जगभरच्या दुर्बिणींना खुली व्हावी, ही अट मंजुरीच्या आदेशातच घाला. स्फोटामागून येणारी फिकी प्रभा काही तासांतच मंदावते आणि स्फोट किती दूर झाला हे बहुधा तिच्यावरूनच कळतं.

येत्या अर्थसंकल्पात या कामासाठी स्वतंत्र तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
खगोलशास्त्राचा एक अभ्यासक