बी निघाला की डेल्टाही तपासा

मा. संपादक,

28 जुलैला हिपॅटायटीस दिन आला की पेपरात बी आणि सी बद्दल बरंच छापून येतं पण डी म्हणजे डेल्टाचं कुणी नावच काढत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या मेव्हण्याला बरीच वर्षं हिपॅटायटीस बी आहे, आमच्याकडे पांढरी कावीळ म्हणतात ती. टेनोफोवीरची गोळी रोज चालू, रिपोर्टात व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) जवळजवळ नाहीच, आणि एसजीपीटी (लिव्हरला सूज असली की वाढतं ते) मात्र खाली यायचं नाव घेईना. नातेवाईक म्हणायला लागले चोरून पीत असणार, आणि माणूस माळकरी! शेवटी एका डॉक्टरांनी अँटी-एचडीव्ही, म्हणजे डेल्टाच्या अँटीबॉडीची टेस्ट करायला सांगितली, ती पॉझिटिव्ह, मग रक्तात खुद्द विषाणू आहे का बघणारी आरएनए पीसीआर केली, तीही पॉझिटिव्ह.

हा डेल्टा बी शिवाय पसरूच शकत नाही, बीचंच कवच अंगावर घेऊन लिव्हरच्या पेशीत शिरतो आणि वर बीलाच दाबून ठेवतो, त्यामुळे बीचा लोड कमी दिसतो आणि सगळे निर्धास्त. दोन्ही एकदमच झाले तर मोठ्या माणसांत बहुतेकदा दोन्ही निघून जातात, पण आधीपासून बी असलेल्याला मागून डी झाला तर तो सहसा जात नाही आणि सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) लवकर गाठतो. 2025 मध्ये तर डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने डीला कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत घातलंय. बी असलेल्या शंभरातल्या साधारण पाच जणांना डी असतो असा डब्ल्यूएचओचाच अंदाज आहे.

माझं म्हणणं एवढंच की एचबीएसएजी, म्हणजे बीची नेहमीची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आलं की त्याच रक्तातून लॅबने डेल्टाची टेस्ट करून टाकावी, पेशंटने मागायची वाट बघू नये. डब्ल्यूएचओच्या 2024 च्या गाइडलाइनमध्येही हेच आहे. 2018 पासून सरकारी दवाखान्यात बी-सीची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, तिथूनच सुरुवात करा ना.

काही जण म्हणतील औषधच धड नाही तर टेस्ट कशाला. खरंय, टेनोफोवीर डेल्टावर चालत नाही, इंटरफेरॉनची इंजेक्शनं 48 आठवडे घेऊनही थोड्यांनाच गुण येतो, आणि युरोपात 2020 ला मंजूर झालेलं बुलेव्हिर्टाइड रोज टोचायचं. पण कळलं म्हणून तर आता मेव्हण्याची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते, आणि बहीण नि पोरं निगेटिव्ह निघाली त्यांना बीची लस चालू झाली, तीच लस डी पासूनही वाचवते.

– एक वाचक, सोलापूर