मंत्रीसाहेब, कोकणातल्या रक्ताची नॅट टेस्ट कोकणातच होऊ दे

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, मी राजापूर तालुक्यातला. नॅट, म्हणजे दिलेल्या रक्तातली लागण लवकर ओळखणारी तपासणी, कोकणातच व्हावी म्हणून लिहितोय. गणपतीत चाकरमानी गावी आले की आमचं मंडळ रक्तदान शिबिर घेतं. आमच्याच वाडीत नऊ वर्षांचा पोरगा आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयारच होत नाही असा जन्मजात आजार. दर वीस-बावीस दिवसांनी आई त्याला पहाटेच्या एसटीने रत्नागिरीला रक्त चढवायला नेते. संध्याकाळी परत येतो तेव्हा हाताला कापसाचा बोळा चिकटवलेला असतो, आणि तशाच हाताने क्रिकेट खेळायला पळतो.

म्हणजे वर्षाला सतरा-अठरा वेळा कुणातरी अनोळखी माणसाचं रक्त त्याच्या अंगात जातं. म्हणून मी रक्तपेढीत जाऊन विचारलं की आम्ही दिलेल्या पिशवीचं पुढे होतं काय. टेक्निशियन मॅडमनी सगळं नीट दाखवलं, पिशवीसोबत घेतलेल्या छोट्या ट्यूबांवर तोच नंबर असतो, त्यातून रक्तगट आणि मग एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग, मलेरिया अशा पाच सक्तीच्या तपासण्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत पिशवी वेगळ्या फ्रिजमध्ये. एक जरी पॉझिटिव्ह आली तरी पिशवी बाद.

पण एचआयव्ही-काविळीच्या या तपासण्या साधारणपणे एलायझा टेस्टने होतात आणि तिला ताजी लागण दिसत नाही. एचआयव्हीचे पहिले साधारण तीन आठवडे निसटू शकतात. नॅट टेस्ट थेट विषाणूचा अंशच शोधते, त्यामुळे तो काळ दहा-अकरा दिवसांवर येतो. शून्य होत नाही हे मलाही कळतं, पण त्या पोराच्या आईला हे वाचलेले दहा दिवस लहान वाटतील का? आणि ही टेस्ट अजून सक्तीची नाही.

शिबिरात फॉर्म भरताना खासगी प्रश्न असतात आणि शेजारी अख्खी वाडी उभी, खरं कोण सांगणार? आम्ही यंदापासून पडदा लावतोय, ते आमचं काम. मशीन मात्र आम्ही वर्गणी काढून आणू शकत नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून एक नॅट लॅब द्या. पिशव्या आहेत तिथेच राहतील, फक्त ट्यूबा थंड पेटीतून लॅबला जातील. लाल पेशी ३५ दिवस टिकतात त्यामुळे एक-दोन दिवस थांबता येतं, पण प्लेटलेट पाचच दिवस, म्हणून लॅब घाटावर नको, पावसात दरड कोसळली की रस्ता बंद. आणि सुरुवातीला सगळं जमत नसेल तर निदान थॅलेसेमियाच्या पोरांच्या पिशव्या तरी आधी नॅट करून द्या.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक रक्तदाता