काकूंना, गुंजांच्या सरासोबत

ती. काकू,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुम्ही मला भर अंगणात, पाहुण्यांसमोर झापलंत, त्याबद्दल हे पत्र. बोलणी चारचौघांत खाल्ली, तर आभारही चारचौघांतच मानावेत, म्हणून उघड लिहितेय.

संगमेश्वराकडच्या तुमच्या देवराईत मी ओंजळभर गुंजा वेचल्या होत्या. शेंगा तडकून लालभडक दाणे वेलीवर लटकत होते. बघताक्षणी माझ्या डोक्यात गळ्यातला सर तयार! तुम्ही ओंजळ पाहिलीत आणि म्हणालात, "राखणदाराच्या रानातली वाळकी काटकीसुद्धा आम्ही चुलीत घालत नाही. जा, ठेवून ये." मी कुरकुरले. रान राखणारा देव कसला, या काळात? मग तुम्ही दुसरं कारण काढलंत: गुंजेची साल शाबूत आहे तोवर ठीक, भोक पाडलं की आतलं विष उघडं पडतं, "आणि तुझ्या घरात रांगतं पोर आहे." यावर काय बोलणार! मुकाट्याने वेलीच्या बुडाशी ठेवून आले.

पण खरे आभार पुढच्या चार दुपारींचे. "गुंज हवी ना? मग विण," म्हणत तुम्ही क्रोशाची सुई आणि काचमण्यांचा डबा पुढे सरकवलात. मला वाटायचं, मणी विणता विणता घालतात. छे! सगळे आधी दोऱ्यात ओवायचे, तेही उलटे. शेवटी विणायचा तो मणी सगळ्यात आधी. दोन काळे, चार हिरवे, तीन लाल, चार हिरवे, दोन लाल. वहीत ही नुसती रांग दिसते. सहा मण्यांच्या फेऱ्यात गोल गोल विणत गेलं, की दोन, तीन, दोन असे एकमेकांना चिकटून बसतात आणि काळ्या तोंडाची गुंज उमटते. मग नऊ हिरवे, की पुढची गुंज. सुई मण्याच्या डावीकडच्या दोऱ्याखालून, मणी उजवीकडे, दोरा ओढ. सुरुवातीचा गोल काही केल्या टिकेना, तीनदा उसवला.

आणि तो दहावा हिरवा! अर्ध्याहून जास्त सर विणून झाल्यावर कळलं, एके ठिकाणी नऊऐवजी दहा ओवलेत. मी रडायच्या बेतात. तुम्ही मण्याच्या भोकात बारीक सुई खुपसलीत, पक्कड धरलीत, कट्! मणी फुटला, दोऱ्याला धक्का नाही. "एखादा कमी पडला असता तर दोरा तोडायला लागला असता," एवढंच म्हणालात आणि चहा टाकायला गेलात.

सर पुरा झालाय. मणी ११०४, गुंजा ४६. जुन्या सोनारांच्या तोळ्याला ९६ गुंजा लागायच्या, म्हणजे माझा अर्धा तोळाही भरला नाही. तरी तुम्हालाच पाठवतेय. सर अडकवायचा आकडा जरा ढिला आहे, घट्ट करून घ्या. आणि तो फोडलेला मणी नेमका कुठे होता, ते सापडतं का बघा. मला सापडलं नाही.

तुमची,
लेकीची मैत्रीण