मावशी, पुढची ओळ तुम्ही शिकलात

मावशी, जय ख्रिस्त.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे. तुमचा नातू हे मोठ्यानं वाचून दाखवेल. तुमच्यासमोर बसून बोलायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा रडून परत आले, म्हणून लिहितेय. चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते चारचौघांना कळायला हवं.

आई गेली त्याला दीड महिना झाला. आम्ही मूळचे नगरचे. अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली नगरला ठाणं मांडलं, त्या प्रोटेस्टंट मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, आमचं घर. आई मिशन कंपाउंडात वाढली, पुढे संडे स्कूलची बाई झाली. माझ्या नोकरीसाठी मी तिला वसईला आणलं आणि सहा महिन्यांत पक्षाघातानं तिचं उजवं अंग गेलं. जीभ जड झाली. तिनं एकच मागणं केलं : पाळकसाहेबांना बोलाव, प्रभुभोजन घ्यायचंय, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस.

मी आमच्याच वळणाच्या एका मंडळीत गेले. तिचं नाव लिहीत नाही. कमिटीनं सांगितलं, नगरहून सभासदत्वाचं पत्र आणा. पत्र आणलं. मग म्हणाले, पुढच्या मीटिंगपुढे ठेवू. तीन रविवार आई धुतलेली साडी नेसून उशीला टेकून बसली. कुणी आलं नाही. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि गेला असं लिहिणं खोटं होईल.

तुम्हाला तर कुणी बोलावलंही नव्हतं. आमच्या इमारतीमागे तुमची वाडी, तेवढीच ओळख. लाल लुगडं, एका हातात सुकेळ्यांची पुडी आणि दुसऱ्या हातात रोझरीची माळ. माळ बघून आईचा धड हात चादरीखाली गेला. आमच्या घरात लहानपणापासून ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ असे दोन कप्पे होते, आणि माळ ‘त्यांची’, म्हणजे कॅथोलिकांची, होती. तुम्ही ते पाहिलंत. चेहऱ्यावर काही न आणता माळ कनवटीला खोचलीत आणि विचारलंत, “बाई, तुमचं बायबल कुठं ठेवलंय? मी वाचू?”

आईच्या त्या जुन्या, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेल्या बायबलमधून तुम्ही तेविसावं स्तोत्र वाचलंत, ओळीवर बोट ठेवून, सावकाश. मग दोघींनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. ‘वाइटापासून सोडव’ इथं तुम्ही आमेन म्हणून थांबलात. आई थांबली नाही. जड जिभेनं, अडखळत, ती एकटीच पुढे म्हणत राहिली : राज्य, पराक्रम, गौरव सर्वकाळ तुझी. तुमच्यात ही प्रार्थना आधीच संपते, तुमच्या उपासनेत, मिस्सेत, ती स्तुती थोड्या वेळानं येते. आमच्यात ती प्रार्थनेलाच जोडलेली असते. तुम्ही डोळे उघडून आईकडे बघत राहिलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फुलांच्या बिलामागे नातवाकडून ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहून घेऊन आलात. आई त्या ओळीपाशी पोहोचली तेव्हा तुम्ही चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून तिच्याबरोबर म्हणालात. आई हसली. अर्ध्याच तोंडानं, पण हसली. आजारानंतर पहिल्यांदाच.

मावशी, त्या ओळीनं तुमचं काहीच अडलं नव्हतं. तुम्ही ती शिकलात, कारण एका आजारी बाईला शेवटचं वाक्य एकटीनं म्हणावं लागत होतं.

आई संडे स्कूलमध्ये आम्हाला मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी कबुली, पाठ करायला लावायची. त्यात ‘पवित्र सार्वत्रिक मंडळी’ असे शब्द आहेत. सार्वत्रिक म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, “सगळीकडची.” मला वाटलं सगळीकडची म्हणजे नगरची, वडाळ्याची, राहुरीची. परवा वाचताना कळलं की तुमचा ‘कॅथोलिक’ आणि आमचा ‘सार्वत्रिक’ हा मुळात एकच ग्रीक शब्द आहे. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला पहाऱ्यात रोमला मरायला नेत होते. वाटेत त्यानं स्मुर्णाच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात तो शब्द पहिल्यांदा मंडळीसाठी आलेला सापडतो. जिथं ख्रिस्त आहे तिथं सार्वत्रिक मंडळी आहे, असं तो लिहितो. सभासदत्वाचं पत्र जिथं आहे तिथं, असं नाही.

वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, राज्यं बदलली तरी तुमच्या वाडवडिलांची श्रद्धा राहिली. आमच्याकडे बायबल आलं ते पुष्कळ नंतर, अमेरिकन लोकांच्या हातून. रात्रपाळीची नर्स केरळची, येशूचा शिष्य थोमा प्रेषित याच्यापासून आपली परंपरा सांगणाऱ्या घरातली. ती दाराशी उभी राहून मल्याळममध्ये पुटपुटायची. तीन वाटांनी आलेल्या तुम्ही तिघी एका खाटेभोवती होतात. आमच्या नगरचे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडायला निघाले होते. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, सगळ्यांना त्यात जागा होती. आई त्यांच्याविषयी फार बोलायची. मी तो दरबार वसईत, दहा बाय बाराच्या खोलीत पाहिला.

शेवटच्या संध्याकाळी आईचे ओठ ‘रोजची भाकर’पर्यंत हलले आणि थांबले. तुम्ही तिचा हात धरून प्रार्थना पुरी केलीत. ती ओळसुद्धा, चिठ्ठीशिवाय. मग हळूच क्रुसाची खूण केलीत.

पुढचं सगळं, गाडी, कागद, फोन, इथं लिहीत नाही. तुमच्या मुलानं रात्रभर ते पाहिलं, त्यालाही माझे हात जोडून आभार. तुम्ही नगरपर्यंत मागच्या सीटवर बसून आलात. कबरस्तानात पांढऱ्या साड्यांमध्ये तुमचं एकच लाल लुगडं होतं. एक-दोघींनी वळून पाहिलंही. पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. ‘वाइटापासून सोडव’ आल्यावर मी श्वास धरला. सगळ्यांच्या आवाजात मला तुमचा आवाज वेगळा ऐकू आला, पुढची ओळ म्हणताना.

चिठ्ठी आईच्या बायबलमध्ये तेविसाव्या स्तोत्रापाशी ठेवली आहे. रविवारी मिस्सेनंतर घरी असाल ना? मी येते.

तुमची,
बाईंची मुलगी