‘मी टाइम’ची पुरवणी आणि निफाडचा बाग

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली कुठलीही पुरवणी उघडा, ‘स्वतःवर प्रेम करा’ असतंच, आणि खाली फोटो स्पाचा नाहीतर धरणाकाठच्या रिसॉर्टचा. ज्याला परवडतं त्याने जावं की. पण अंबडच्या कारखान्यात शिफ्ट करून घरी येऊन पोळ्या लाटणारीने काय करायचं?

मुळात सेल्फ-कंपॅशन, म्हणजे स्वतःबद्दलची करुणा, हे लाड नव्हेतच. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये ते मांडलं तेव्हा त्यात तीनच गोष्टी होत्या, स्वतःशी मायेने वागणं, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे ओळखणं, आणि दुःख दाबायचं नाही पण उगाळतही बसायचं नाही. यात खर्च कुठाय?

माझा निफाडचा मावसभाऊ बघा. शेजाऱ्याचा द्राक्षबाग गेला तेव्हा हाच बांधावर जाऊन बसला, अरे निसर्गापुढं कोणाचं चालतं, चल चहा घे म्हणाला. नंतर ऐन फुलोऱ्यात अवकाळी झाला, डावणी रोग आला आणि याचाही बाग गेला, तर लगेच ‘मीच नालायक, आदल्या दिवशी फवारा मारायला पाहिजे होता’, जेवण बंद, पारावर जाणं बंद, कर्जाच्या सोसायटीचा मेसेज आला की फोन पालथा. आख्ख्या शिवारात तीच गत होती पण याला वाटे फक्त आपणच बुडालो. म्हटलं, शेजाऱ्याला जे बोललास तेच स्वतःला बोल ना. तर म्हणे, ताई, अशी सूट दिली की माणूस ढिला पडतो.

हे मला पटत नाही. स्वतःला शिव्या देत बसलेला माणूस पुढच्या छाटणीचं आणि औषधांचं नियोजन करणार कधी? अभ्यासातही उलटंच दिसलंय, चुकीनंतर स्वतःशी नीट वागणारे ती सुधारायला जास्त झटतात. (लहानपणापासून ‘शेजारच्याचा बघ’ ऐकत वाढलेल्यांना हे पटणं अवघडच म्हणा.)

आणि झोपच उडाली असेल तर नुसतं स्वतःशी बोलून भागत नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. तेवढा नंबर छापा साहेब, पण पुरवणीत नको, लासलगावच्या कांद्याच्या भावाशेजारी छापा, ते पान आमच्याकडे सगळे रोज बघतात.

– एक वाचक, सिडको, नाशिक