तो लढाईत गेला नव्हता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नौदल दिनाचा आपला लेख वाचला. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या क्षेपणास्त्र नौका, पाच दिवसांनी आपल्या १९४ जणांसह बुडालेली युद्धनौका ‘खुकरी’, सगळं आलं. शांततेच्या दिवसांत जहाजावर काम करता करता गेलेल्यांबद्दल मात्र एक ओळही नव्हती.

असाच एक मुलगा आमच्या गल्लीतला. इंदूरला समुद्र कुठला! आमची धाव बिलावली तलावापर्यंत. त्यात इथे फौज म्हणजे महूची लष्करी छावणी. मुलगा नेव्हीत आहे म्हटलं की लोक विचारायचे, ‘मर्चंट नेव्ही का? पगार चांगला असेल.’ हा नेहरू पार्कच्या तरणतलावात पोहायला शिकला आणि ओडिशात चिल्काला प्रशिक्षणाला गेला. पुढे त्याचं जहाज एडनच्या आखातात गस्तीला होतं. सोमाली चाच्यांमुळे २००८पासून आपलं नौदल तिथे असतं. परक्या बंदरात जहाज धक्क्याला बांधताना नायलॉनचा दोर तुटला. हा दोर ताण पडला की रबरासारखा लांबतो आणि तुटला की सगळा जोर घेऊन उलटा फिरतो. बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. तो जागीच गेला. वय चोवीस.

तिरंगा, सलामी, सगळं रीतसर झालं. महिन्याभराने त्याची काळी पेटी आली, पांढऱ्या रंगात नाव नि नंबर घातलेली. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, ती माझ्यासमोर उघडली. इस्त्रीचे पांढरे कपडे, बुटाचा ब्रश, आणि तळाशी रतलामी शेवेचा डबा. रिकामा, पण घासूनपुसून ठेवलेला. दर सुट्टीला भरून न्यायचा ना तो.

यंदा आमच्या भागात फौजींच्या नावांची शिळा बसवायचं ठरलं. मी याचं नाव सुचवलं. उत्तर मिळालं, ‘ताई, तो शहीद कुठे? अ‍ॅक्सिडेंट होता तो.’ गंमत अशी की सरकारी दफ्तरात ‘शहीद’ असा शब्दच नाही. २०१७ साली केंद्रीय माहिती आयोगापुढे तसं सांगितलं गेलंय. पेन्शनच्या नियमांत लढाई आणि अपघात असा फरक आहे खरा. तो हिशेब सरकारचा. गल्लीतल्या लोकांनी तो कशाला लावायचा?

आणि शांततेचे दिवस म्हणजे तरी काय? १४ ऑगस्ट २०१३ला मुंबईच्या गोदीत उभ्या असलेल्या ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट होऊन १८ जण गेले. एप्रिल २०१९मध्ये कारवारला शिरताना ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर आग लागली, ती विझवताना गेलेले लेफ्टनंट कमांडर आपल्या शेजारच्या रतलामचे. समोर शत्रू नव्हता, पण तेल, दारूगोळा आणि खालचं पाणी लढाईत असतं तेच होतं.

काकू या शिळेबद्दल एक अक्षर बोललेल्या नाहीत. त्यांना न विचारताच मी हे लिहितेय, तेही सांगून टाकते.

दगड आलाय. बगीच्याच्या फाटकापाशी आडवा पडलाय, संध्याकाळी पोरं त्यावर बसून गप्पा ठोकतात. नावं कोरायला कारागीर संक्रांतीनंतर येणार म्हणे. त्याआधी हे पत्र छापलंत तर बरं होईल.

आपली,
एक वाचक
सुदामानगर, इंदूर